सोवळ्यातले कान

कानात कापूस घालून आरती करणारा पुजारी तुम्ही पाहिला नसेल. आमच्या कनेरगाव नाक्यावर आहे. दिगंबर गुरुजी. मारुतीच्या देवळाची पूजा त्यांच्या घराण्यात पिढीजात चालत आलेली, आणि दर गुरुवारी व दर रविवारी ते दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबून देवापुढे उभे राहतात. लोक घंटा बडवतात, टाळ कुटतात, आणि गुरुजी आपले ओठ हलवत शांतपणे तबक ओवाळत असतात. आरती संपली हेही त्यांना कळत नाही. शेवटी कुणीतरी त्यांचा हात धरून तबक खाली ठेवायला लावतं.

त्या दोन दिवशी त्यांना काहीही विचारलं की ते फक्त मान हलवतात. एकदा एकानं विचारलं, "गुरुजी, विहिरीच्या वरल्या अंगाला बोअर घेऊ का?" गुरुजींनी मान हलवली. त्या गड्यानं बोअर घेतला आणि पाणी लागलं. तेव्हापासून बोअरचं विचारायला लोक मुद्दाम गुरुवारी येतात. गुरुजींना याचा पत्ताच नाही. आजवर किती बोअर त्यांच्या मानेवर खोदले गेले हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, आणि कोरडे किती गेले हेही नाही.

मी एका सोमवारी धीर करून विचारलं, "गुरुजी, तो कापूस कशासाठी?"

"कान सोवळ्यात ठेवावं लागते, ताई. त्या दिवशी दुपारी काम असते त्यांला."

ते काम काय, हे मला त्याआधीच चांगलं कळलं होतं. मी वीज कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसते. लोकांच्या शिव्या रजिस्टरमध्ये सभ्य भाषेत उतरवणं हे माझं काम. बदली होऊन इथं आले तेव्हा गुरुजींच्या मागच्या गल्लीत खोली मिळाली. पहिल्याच रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालत होते, आणि भिंतीपलीकडून असा काही आवाज आला, की तोंडातला चिमटा तोंडातच ठेवून मी लाइनमनला फोन लावला. म्हटलं, खांबावरची डीपी जळाली, लवकर या. लाइनमन शिडी घेऊन धावत आला. डीपीकडे पाहिलं, आवाजाकडे कान दिला आणि शिडी परत खांद्यावर टाकली.

"डीपी ठणठणीत हाय, ताई. हे गुरुजी करून राहिले."

आमच्या गल्लीत नव्या आलेल्या माणसाची अशी फसगत व्हायचीच. एक नवी सून गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन गुरुजींच्या दारात उभी राहिली होती. तिला वाटलं, इथं पिठाची गिरणी आहे. गुरुजींनी तिला नम्रपणे गिरणीचा रस्ता दाखवला आणि आत जाऊन पुन्हा दळायला घेतलं.

तर गुरुजी गिटार वाजवतात. वाजवतात म्हणजे एकच तार छेडतात आणि मग डोळे मिटून त्या आवाजाचं शेपूट कुठपर्यंत जातं ते ऐकत बसतात. त्यांचा खरा जीव गिटारमध्ये नाही, तिचा आवाज वाढवणाऱ्या खोक्यात, अ‍ॅम्पमध्ये आहे. साधासुधा अ‍ॅम्प नव्हे, व्हॉल्व्हचा. जुन्या रेडिओत काचेच्या नळ्या असायच्या ना, आत निखारा पेटल्यासारख्या दिसणाऱ्या, त्या नळ्यांचा. मोडीत निघालेले रेडिओ, बंद पडलेल्या तंबू-सिनेमाचं सामान, असं कुठून कुठून गोळा करून त्यांनी तो घरी बांधला आहे. देवघराशेजारच्या खोलीत तो पाटावर असतो. जड संगीत, ज्यात गिटार गुरगुरते आणि ढोल छातीत बसतो, त्याला दुसरा कुठलाही अ‍ॅम्प चालत नाही असं गुरुजींचं ठाम मत आहे. या विषयावर कनेरगावात दुसरं कुणाचंच मत नसल्यामुळे त्यांना अजून कुणी खोडून काढलेलं नाही.

मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण शेजारधर्म म्हणून मी ऐकायला जायची, आणि गुरुजी मला शिकवायचे.

"हे पहा ताई, गेन म्हणजे मिरची. टोन म्हणजे फोडणी. मिरची कुणीबी टाकते हो. मूठभर टाका, डोळ्याला पाणी आलंच. पण फोडणी बसली न्हाई तर त्या मिरचीला काय अर्थ हाय?"

"मग चांगला अ‍ॅम्प कसा ओळखायचा?"

गुरुजी मारुतीचे पुजारी. अंगात आलेली माणसं त्यांनी जन्मभर पाहिलेली. ते म्हणाले, "अंगात आलं पाहिजे. पण नाव-गाव विचारलं तर बराबर सांगता आलं पाहिजे. नुसतं घुमून कामाचं न्हाई. सहाच्या सहा तारा एकदम वाजवल्या तरी हरेक तार आपलं नाव सांगते का, ते ऐकायचं."

मी ऐकायची. मला सहाही तारा एकच नाव सांगत असल्यासारखं वाटायचं. पण मी म्हणायची, "सांगतायत की." गुरुजी खूश होऊन खडीसाखर द्यायचे.

त्या खोलीत अ‍ॅम्प दोन होते. पितळी पट्टीचा गुरुजींचा. दुसरा हिरव्या रंगाचा, मोटारीला लावतात तसल्या ऑइलपेंटनं रंगवलेला. तो शेषरावांचा. रविवारी गुरुजी स्वतःचा अ‍ॅम्प लावायचे, गुरुवारी शेषरावांचा. दोन्ही एका दिवशी कधीच नाही.

"एका बसणीत दोन ऐकले की कान उष्टा होते, ताई. एका आवाजाची चव दुसऱ्याला लागते. मग निकाल खरा न्हाई येत."

प्रत्येक बैठकीनंतर ते वहीत नोंद करायचे. तारीख, वार, गेन दहापैकी किती, टोन दहापैकी किती, आणि पुढे शेरा. "बरा." "मरगळ." "फोडणी बसली न्हाई." दोघांत कुणाचा अ‍ॅम्प सरस, हा निकाल सहा वर्षांपासून लागायचा होता.

शेषराव म्हणजे वारंगा फाट्यावर मोटार वाइंडिंगचं दुकान असलेले. शेतातल्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचे, म्हणजे आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायचे. ते आणि गुरुजी नांदेडला आयटीआयला एका खोलीत राहायचे. कुणीतरी सोडून गेलेली एक कॅसेट त्यांना खाटेखाली सापडली. वर नाव नव्हतं, गाणी परदेशी, शब्द एकही कळत नव्हता. पण तो गिटारचा आवाज ऐकून दोघांनी त्या दिवशी जेवण सोडलं. फीत झिजून तुटेपर्यंत ती कॅसेट वाजली, आणि पुढं पंचवीस वर्षं दोघं तो एक आवाज शोधत राहिले. गुरुजींनी लग्न केलं नाही. शेषरावांनी केलं, पण दर गुरुवारी दुकान बंद असलं की ते एसटीनं इकडं यायचे. पूर्ण जिल्ह्यात हा विषय समजणारी माणसं दोनच.

आणि तीही एकमेकांशी बोलत नव्हती.

भांडण झालं ते असं. दोघांनी आपापला अ‍ॅम्प पुरा केला. शेषराव त्यांचा घेऊन आले, तो गुरुवार होता आणि महिना पौषाचा. त्यांच्या दुकानात डरकाळी फोडणारा तो अ‍ॅम्प इथं आला आणि कण्हायला लागला. गेन नाही, टोन नाही. गुरुजी हसले. शेषराव म्हणाले, "तुहा लाव न आत्ता, मंग पाहू." गुरुजी म्हणाले, कान उष्टा झाला, आता रविवारी. आणि वर एक वाक्य बोलले : "मोटारी भरणाऱ्यानं मोटारीच भराव्या."

शेषराव उठले. अ‍ॅम्प तिथंच ठेवला. म्हणाले, "राहू दे तुह्याजवळ. ज्या दिवशी खरं बोलशील, त्या दिवशी नेतो."

हे सगळं मला खुद्द गुरुजींनी सांगितलं. ते वाक्यही त्यांनी लपवलं नाही. फक्त ते सांगताना गिटारची एक खुंटी उगाच पिळत राहिले.

गेल्या माघात एक टेम्पोवाला चिठ्ठी घेऊन आला. गुरुजींनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि माझ्या हातात दिली. शेषरावांना आता बारीक तार दिसत नव्हती. दुकान बंद करून ते लेकीकडे नागपूरला कायमचे चालले होते. "अ‍ॅम्प टेम्पोत घालून दे. निकाल राहू दे," एवढंच शेवटी होतं.

गुरुजी टेम्पोवाल्याला म्हणाले, "निकाल लागला न्हाई अजून. सांग त्याला."

टेम्पोवाला चाचरला. "कोर्टातलं मॅटर हाय का, गुरुजी?"

"व्हय. तसंच समज."

तो बिचारा रिकामा टेम्पो घेऊन गेला. मला मात्र राग आला. पंचवीस वर्षांचा मित्र जिल्हा सोडून चालला आहे आणि हे दहापैकी किती याच्या गोष्टी करतायत! मी म्हटलं, "गुरुजी, ती वही द्या इकडं. मी लावते निकाल." त्यांनी निमूटपणे दिली.

दोन दिवस मी ती वही ऑफिसात नेऊन वाचली. तक्रारी वाचायची सवय असल्यामुळे असेल, पण मला त्यात एक गंमत दिसली. शेषरावांचा अ‍ॅम्प पावसाळ्यात छान वाजत होता. आठ, साडेआठ, एकदा तर नऊ. दिवाळी उलटली की घसरायचा. पाच, चार, "मरगळ". उन्हाळ्यात गहू निघाले की पुन्हा जरा बरा. गुरुजींनी समासात लिहिलं होतं, "पावसाळी हवा मानवते." गुरुजींचा स्वतःचा अ‍ॅम्प मात्र बारा महिने एकसारखा.

मी वहीशेजारी आमचं वेळापत्रक ठेवलं आणि टेबलावर हात आपटला. शेजारचे साहेब दचकले. आमच्याकडं शेतीच्या मोटारींना लाइन असते ती सोमवार ते गुरुवार दिवसा, आणि शुक्रवार ते रविवार रात्री. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत गुरुवारी दुपारी शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम चालू होतात आणि गावातलं व्होल्टेज पार झोपतं. पंखा फिरतो तो मोजता येतो. त्या व्होल्टेजवर व्हॉल्व्हच्या नळ्या काय पेटणार? आणि रविवारी दुपारी मोटारी बंद, करंट भरपूर, गुरुजींचा अ‍ॅम्प डरकाळ्या फोडतो. सहा वर्षं गुरुजी टोनची परीक्षा घेत होते, आणि वहीत उतरत होतं ते गव्हाचं पाणी. एकाच दिवशी दोन्ही लावले असते तर पहिल्याच गुरुवारी कळलं असतं. पण कान उष्टा होतो ना!

मी धावतच गुरुजींच्या घरी गेले. इतका मोठा शोध माझ्या हातून आयुष्यात लागला नव्हता. सगळं एका दमात सांगितलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

गुरुजी निरांजनं घासत होते. म्हणाले, "माहीत हाय मला."

"काय माहीत आहे?"

"व्होल्टेज. दुसऱ्याच हिवाळ्यात ध्यानात आलं. आयटीआय मीबी केलंय की, ताई. एका रविवारी गुपचूप त्याचा लावून पाहिला." त्यांनी हातातलं निरांजन खाली ठेवलं. "माह्यापेक्षा चांगला हाय. खूप चांगला. असा आवाज मी त्या कॅसेटीनंतर ऐकला न्हाई."

मी विचारलं, "मग सांगितलं का नाही त्यांना?"

"काय सांगू? व्होल्टेज कमी होतं म्हणू? मी जे बोललो ते व्होल्टेज कमी होतं म्हणून बोललो का? माह्या अ‍ॅम्पातला ट्रान्सफॉर्मरबी त्यानंच भरलेला हाय, ताई. एकेक वेढा हातानं मोजून. आन् मी त्याला म्हणलं मोटारीच भर."

"अहो, मग माफी मागा की! फोन करा."

"करतो, करतो," म्हणत ते पुन्हा निरांजनं घासायला लागले. घासलेलीच परत घासत होते. आणि गंमत म्हणजे, येत्या गुरुवारीही कानात कापूस घालणार का, असं मी विचारलं तर "व्हय" म्हणाले. सगळं ठाऊक असूनही हा माणूस गुरुवारीच शेषरावांचा अ‍ॅम्प लावत होता आणि "मरगळ" लिहीत होता. असल्या हट्टाला काय म्हणावं हे मला तेव्हा कळेना.

गुरुवारी दुपारी तोच टेम्पो पुन्हा आला. या वेळी पुढच्या सीटवर शेषराव होते. जाड भिंगाचा चष्मा, पांढरं डोकं, हातात मीटरची पिशवी. मी दारातच होते. सहा वर्षांनी दोघं समोरासमोर आले, दोन हातांच्या अंतरावर उभे राहिले, गुरुजींनी कानांतला कापूस काढला आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"ताई, त्यांला म्हणावं पाणी घ्या."

"सांगा त्यांला, पिऊन आलो."

"च्या तरी घ्या म्हणावं."

"साखर सोडली म्हणा."

"कवापासून सोडली, विचारा त्यांला."

मी म्हटलं, "मी ऑफिसात तक्रारी इकडून तिकडं करते तेवढं पुरे आहे. तुमचं तुम्ही बोला." आणि कोपऱ्यातल्या पाटावर जाऊन बसले.

शेषराव आत आले. हिरव्या अ‍ॅम्पवर धुळीचा कण नव्हता. त्यांनी वरून हात फिरवला, वाकून एकेक स्क्रू पाहिला. मग पिशवीतून मीटर काढून भिंतीतल्या सॉकेटला लावला आणि डोळ्यांशी नेऊन वाचला. "दोनशे तीसच्या जागी एकशे अडुसष्ट," असं स्वतःशीच म्हणाले. गुरुजी खाली मान घालून उभे होते.

"लाव," शेषराव म्हणाले.

"आज गुरुवार हाय. मोटारी चालू हायेत."

"मला माहीत हाय. लाव."

गुरुजींनी अ‍ॅम्प लावला, नळ्या गरम व्हायची वाट पाहिली. निखारा फिकाच राहिला. मग त्यांनी तार छेडली. आवाज कण्हतच निघाला, भिंतीपर्यंत गेला आणि तिथंच बसला. शेषराव डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकत होते. गुरुजींनी दुसऱ्यांदा तार छेडायला हात उचलला, पण तो तसाच राहिला.

"शेष्या, मी तुला ते मोटारीचं बोललो…"

"त्यात काय खोटं होतं? मोटारीच भरल्या की जन्मभर."

"तसं न्हाई. लई वाईट बोललो मी. तुहा चांगला हाय. पहिल्यापासून चांगला हाय. माह्यात जे वाजते तेबी तुहंच हाय."

शेषरावांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसला. "त्या दिवशी बल्ब पिवळा पडला व्हता, दिग्या. मला तवाच दिसलं. मोटारवाला हाय मी, मला व्होल्टेज दिसणार न्हाई का? म्हणलं, हा स्वतःच्या तोंडानं बोलंल."

"मंग आला काहून न्हाईस?"

"तू बोलावलं का?"

मला दोघांचाही राग आला आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं, ते मी पदराला पुसलं. एक वाक्य बोलायला दोन शहाण्या माणसांना सहा वर्षं लागली होती. मी उठून बिनसाखरेचा चहा केला. दोघं तो शेजारी शेजारी बसून प्यायले, आणि घटकाभर त्या कॅसेटीतल्या तिसऱ्या गाण्यात गिटार उजवीकडून यायची की डावीकडून, यावर वाद घालत राहिले. त्या घटकाभरात गुरुजी जेवढे हसले, तेवढं मी त्यांना आजवर कधी हसताना पाहिलं नव्हतं.

मग टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. गुरुजींनी नळ्या एकेक करून काढल्या, जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळल्या आणि डब्यात ठेवल्या. अ‍ॅम्प स्वतः छातीशी धरून बाहेर नेला. टेम्पोवाल्याला हात लावू दिला नाही.

"नागपूरला वाजवशील न?"

"फ्लॅट हाय लेकीचा. तिथं कुठला एवढा आवाज. कपाटावर राहील." शेषराव टेम्पोत चढले. "पण जवळ राहील."

"ये मधी मधी."

"डोळ्याचं असं झालं. एकट्याला सोडत न्हाईत आता. पाहू."

टेम्पो हिंगोलीच्या रस्त्याला लागला. गुरुजी रस्त्याच्या मधोमध उभे होते. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवत होता तरी हलेनात. शेवटी मी हात धरून त्यांना कडेला आणलं. मनातून मला फार बरं वाटत होतं. सहा वर्षांचं घोंगडं एकदाचं वाळलं, आणि त्यात माझाही थोडा हात होता असं मला वाटत होतं.

"चला गुरुजी, मिटलं म्हणायचं शेवटी," मी म्हटलं.

"मिटलं म्हणूनच गेला, ताई." रस्त्यावर आता टेम्पो दिसत नव्हता, तरी ते तिकडंच पाहत होते. "भांडण होतं तवर तो दर गुरुवारी माह्या घरात होता."